अस्थिबंधाची पुनर्रचना आणि तिचे विरळ उपद्रव

इंग्लंडातील लीड्स शहरी आर्थर मेयो रॉबसन या शल्यविशारदाने १८९५ साली एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील तुटलेले दोन्ही क्रूसाकार अस्थिबंध कॅटगटच्या धाग्याने शिवले, आणि तो इसम पुढे पुन्हा खाणीत उतरू लागल्याची हकीकत १९०३ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु तुटलेला बंध नुसत्या शिवणीने क्वचितच सांधतो, हे ओळखून ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ साली मांडीच्या बाहेरील जाड पटलाची पट्टी काढून ती हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवली; आजच्या शस्त्रक्रियेचा सांगाडा मूलतः तोच आहे.

या विद्येचा खरा इतिहास मात्र तिच्या यशापेक्षा तिच्या विरळ उपद्रवांत अधिक स्पष्ट वाचावयास मिळतो. १९६३ साली केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा मधला भाग वापरला. तो बळकट खरा, पण त्यासोबत वाटीच्या हाडाचा तुकडा काढल्याने दुबळी झालेली वाटी एखाद्या रुग्णात पुढे तडकू लागली. तेव्हा रुग्णाच्या देहास हातच न लावता बंध बाहेरून आणावा, हा मोह अगदी स्वाभाविक होता. १९७० नंतरच्या दशकात कार्डिफच्या जेन्किन्स यांनी कार्बनचे तंतू बसविले, या तंतूंच्या आधाराने शरीर आपला नवा बंध विणील अशा अपेक्षेने. पण तंतू झिजून तुटत, आणि सांधा उघडला असता आतले गुलाबी अस्तर काळ्या कणांनी माखलेले आढळे. पुढे आलेल्या गोर-टेक्स या कृत्रिम पदार्थाच्या बंधांनीही सांध्यात जंतुविरहित पाणी साठविले.

१९९० साली जॅक्सन आणि शेफर यांनी निराळेच दुखणे नोंदविले: नव्या बंधापुढे तंतुमय गाठ वाढते, ती पाय सरळ होताना हाडांत अडकते, आणि रुग्णाचा गुडघा शेवटचे काही अंश सरळ होतच नाही. दुर्बिणीतून ती गाठ काढताच पाय पुन्हा सरळ होऊ लागे.

सर्वांत भयावह उपद्रव मात्र सांध्यात पू होण्याचा, कारण तो कूर्चाच गिळून टाकतो. ऑस्ट्रेलियात व्हर्तुलो आणि सहकाऱ्यांनी बंध बसविण्यापूर्वी तो व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजविण्याची तजवीज केली, आणि २०१२ साली तिचा हिशेब मांडला: न भिजविलेल्या २८५ जणांत चौघांना जंतुसंसर्ग झाला होता, भिजविलेल्या ८७० जणांत एकासही नाही.