अंगणाचा आवाज आणि उंबऱ्याआतला आवाज : शहापूर-मुरबाडचे हळुवार लोकसंगीत

आदिवासी संगीत म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो तारपा. पण ज्यांच्या कानांना मोठा आवाज अक्षरशः टोचतो, अशा श्रोत्यांसाठी या मातीत काही होते का? होते, आणि त्याला जवळजवळ नऊशे वर्षांचा लेखी पुरावा आहे. (थ्रेड)

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीलगतचे तालुके. २०१४ साली पालघर वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचा उरलेला आदिवासी पट्टा मुख्यतः येथेच राहिला. ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली आणि त्यांच्या शेजारी कुणबी व आगरी, अशी ही वस्ती.

तारपा मुळातच उघड्या माळासाठी घडलेला आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि अखंड फुंक. भाताची कापणी झाल्यावर नाचणाऱ्यांच्या फेराला तो आवाज दुरूनही ऐकू यावा लागतो. त्यात दोष काहीच नाही. मात्र तोच आवाज दहा फुटांच्या खोलीत, ध्वनिवर्धकातून ऐकवला, की त्याची जागाच चुकते.

आता उंबऱ्याच्या आत येऊ. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे ओवी उखळापाशी होती! तिची लय हाताच्या श्रमाने ठरते. दळताना खुंटा एक फेरा पूर्ण करतो तेवढ्यात ओळ बसते. आवाज अचानक चढत नाही, कारण गाणारीला अजून पायलीभर दळायचे असते. झोळीतल्या बाळासाठीची अंगाईही अशीच, झोक्याला बांधलेली.

दुसरा धागा धवळ्यांचा. महानुभाव पंथातील महदंबेने तेराव्या शतकात रचलेले ‘धवळे’ मराठीच्या पहिल्या कवयित्रीचे काव्य मानले जाते; विषय कृष्ण-रुक्मिणीचा विवाह. लग्नात धवळे गाण्याची ती रीत ठाणे परिसरात लोकाचाराच्या रूपाने टिकली. आगरी समाजात धवलारीण आणि वारल्यांमध्ये धवलेरी हीच लग्नाचे विधी गाण्यातून चालवते. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची. वाद्यांचा गजर नाही. आहे तो संथ, पुन्हा पुन्हा तेथेच परतणारा मानवी स्वर. मांडवाबाहेर हवा तेवढा कल्लोळ असो, चौकापाशी हाच आवाज. आज त्या चौकापर्यंत डीजे पोहोचला आहे आणि पहिला बळी या स्वराचाच गेला. लग्नसंगीताच्या इतिहासात ही हानी फारशी कोणी मोजलेली नाही.

वारल्यांची घांगळी हाही असाच एक आवाज. बांबूच्या दांडीला दोन भोपळे आणि तारा. कणसरी या धान्यदेवतेची कथा भगत तिच्या साथीने रात्री सांगतो. श्रोत्याला झोपडीतच बसून ऐकायचे असते, म्हणून वाद्यही तेवढ्याच ताकदीचे.

हे सारे वैद्यकाच्या इतिहासाशी कोठे जुळते? १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या वैद्याने अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची सविस्तर मांडणी केली. मोठे आवाज या मुलांना भयभीत करतात, असे त्याने नोंदवलेच. पण एक बारकावाही टिपला, जो पुढे बराच दुर्लक्षित राहिला. तेच मूल स्वतः तितकाच मोठा आवाज आनंदाने करू शकते. त्रास होतो तो न विचारता आत घुसणाऱ्या आवाजाचा. त्या अकरांपैकी पहिला मुलगा वर्षाचा असतानाच अनेक चाली अचूक गुणगुणत असे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत संवेदनांच्या तीव्रतेला निकष म्हणून स्थान मिळाले ते मात्र थेट २०१३ मध्ये.

तेव्हा अशा श्रोत्यासाठी निवड करताना ‘लोकसंगीत’ ही पाटी उपयोगाची नाही. ते गाणे मुळात कोठे ऐकण्यासाठी होते, हे पाहावे. जात्यावरचे, झोळीपाशीचे, चौकातले आधी. माळावरचे नंतर, दुरून आणि श्रोत्याची इच्छा असेल तर. येथे बाजारातील ध्वनिमुद्रणे फसवतात. मुखपृष्ठावर ‘ओवी’ छापलेले असते आणि आत ढोलकी, झांज व कृत्रिम ठेका भरलेला असतो.

साधी ओवी ऐकायची तर घाट चढावा लागतो. मुरबाडहून नाणेघाट ओलांडला की पुणे जिल्हा. तेथे, विशेषतः मुळशीच्या गावांत, गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रभरातून जमलेला तो संग्रह १ लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून तो क्रमाने प्रसिद्ध होत आहे. काही मुद्रणांत जात्याची घरघरही ऐकू येते. एखाद्या मुलाला तीच घरघर शांत करते, दुसऱ्याला तीच असह्य होते. दुसऱ्यासाठी शब्द लिहून ठेवलेले आहेत. घरातील कोणीही ते जात्यावाचून, हळू आवाजात म्हणू शकते आणि मुलाने हात वर करताच थांबू शकते.