मानवी सेवनासाठी नाही

२००९ साली ब्रिटनमधील एखाद्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरून ‘झाडांचे खत’ मागवले, की एक-दोन दिवसांत टपालाने लहानशी पुडी घरी येई. तिच्यावर छापलेले असे : मानवी सेवनासाठी नाही. मागवणाऱ्याच्या घरी बहुधा एकही कुंडी नसे.

पुडीतील पांढरी पूड म्हणजे मेफेड्रोन. हे संयुग १९२९ मध्ये प्रथम नोंदले गेले आणि पुढे सात दशके जवळजवळ विस्मृतीत राहिले. २००३ च्या सुमारास एका हौशी रसायनतज्ज्ञाने त्याची माहिती इंटरनेटवर मांडली. परिणाम कोकेन आणि एक्स्टसी यांच्या जवळचा. पण ब्रिटनमधील बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. विक्रेत्यांना एवढी फट पुरली.

पुडीवरच्या त्या ओळीचे चातुर्य पाहण्यासारखे आहे. औषध म्हणून विकले असते, तर औषधविषयक कायदा आडवा आला असता. ‘खत’ म्हटल्याने तो टळला, आणि गिऱ्हाइकाला खरा अर्थ न सांगता कळला. त्याहून प्रभावी ठरला तो ‘लीगल हाय’ हा शब्दप्रयोग. जे कायदेशीर ते निर्धोक, हा समज तरुण वयात सहज रुजतो. विक्रेत्याला तसे तोंडाने म्हणावेही लागले नाही. त्यात ‘म्याऊ म्याऊ’ हे लाडिक नाव वृत्तपत्रांनी मथळ्यांत नेले. एवढी प्रसिद्धी पैसे मोजूनही मिळाली नसती.

मार्च २०१० मध्ये स्कन्थॉर्प येथील दोन तरुणांचा मृत्यू याच पुडीच्या माथी मारला गेला आणि १६ एप्रिलला बंदी आली. त्यांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतेच, हे नंतरच्या तपासणीत दिसले. बंदीनंतर ‘एनआरजी-१’ नावाची नवी पाकिटे बाजारात आली. प्रयोगशाळेत तपासलेल्या काही पाकिटांत निघाले ते जुने मेफेड्रोनच!

मुंबईत हीच पूड ‘एमडी’ झाली. इथे तिला खताचे सोंग घ्यावे लागले नाही. कोकेनपेक्षा कितीतरी स्वस्त, एवढी ओळख महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचायला पुरेशी होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत तिचा समावेश झाला तो फेब्रुवारी २०१५ मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या बंदीनंतर जवळजवळ पाच वर्षांनी. तोवर पुडी हाती लागली तरी पोलिसांना त्या कायद्याचा आधार नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत छापा घातला. तेथील एका रासायनिक कारखान्यात शेकडो किलो मेफेड्रोन सापडले.