काडेपेटीतली देणगी, पगारातला हप्ता

२६ नोव्हेंबर १९६२ च्या संध्याकाळी मीस बाउमन ही निवेदिका नेदरलँड्सच्या टीव्हीवर उभी राहिली आणि जवळजवळ २३ तास तिथून हलली नाही. देशात तेव्हा एकच चॅनेल होतं. आर्नेम शहरात एक वसाहत उभारायची होती, आणि तिच्यासाठी ती लोकांकडे पैसे मागत होती. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाला स्वतःचं घर आणि स्वतःचा दरवाजा मिळावा, ही डॉक्टर आरी क्लापवाइक यांची कल्पना. उपचार संपलेली तरुण माणसं तोवर आईवडिलांच्या जिवावर राहत, नाहीतर म्हाताऱ्यांच्या संस्थेत जाऊन पडत. लोकांनी काडेपेट्यांत पैसे घालून आणून दिले. एक कोटीहून अधिक गिल्डर जमले आणि ‘हेट डॉर्प’ ही वसाहत उभी राहिली.

देणगीतून घरं झाली. पण ज्याचे हातपाय हलत नाहीत त्याला सकाळी उचलून खुर्चीत बसवायचं, आंघोळ घालायची, घास भरवायचा, रात्री उठून कूस बदलून द्यायची. हे वर्षानुवर्षं करणाऱ्याचा पगार कुठून येणार? एका रात्रीची माया, ती कितीही खरी असली, तरी या कामाला पुरत नाही.

याचं उत्तर कायद्याने दिलं. मंत्री गेरार्ड फेल्डकाम्प यांच्या पुढाकाराने झालेला दीर्घकालीन काळजीचा विमा १ जानेवारी १९६८ पासून लागू झाला. श्रीमंत-गरीब असा भेद न करता देशातला प्रत्येक रहिवासी त्यात आला. जर्मनीला असा विमा आणायला १९९५ उजाडलं, जपानला २०००.

सुरुवातीला हा पैसा मुख्यतः संस्थांकडे जाई. १९९५ च्या सुमारास वैयक्तिक बजेट आलं, म्हणजे काळजीचा पैसा त्या माणसाच्याच नावे मिळू लागला, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा बदल तोच म्हणावा लागेल. आपल्याला कोण उचलणार, कोण न्हाऊ घालणार, हे ज्याचं अंग तोच ठरवू लागला. नेमलेली व्यक्ती शेजारीण असेल, बहीण असेल, आईसुद्धा असेल. रीतसर करार होतो आणि तिला कामाचे पैसे मिळतात.

खर्च मात्र वाढतच गेला. २०१५ मध्ये जुना कायदा मोडून नवा, आटोपशीर कायदा आला. करपात्र उत्पन्नावर, ठरावीक मर्यादेपर्यंत, ९.६५ टक्के हप्ता कापला जातो. शिवाय ऐपतीप्रमाणे स्वतःचा वाटा भरावा लागतो. पात्रता एक स्वतंत्र सरकारी केंद्र ठरवतं. या माणसाजवळ चोवीस तास कुणी असायला हवं का? अडचणीत वेळेवर हाक मारणं त्याला जमतं का? ही गरज कायमची आहे का? निकष पूर्ण झाले, तर मंजुरी बहुधा आयुष्यभराची असते आणि दरवर्षी अपंगत्व सिद्ध करत बसावं लागत नाही.

ज्याला दिवसातून चार वेळा मदत लागते, पण हाक मारता येते, त्याला मात्र या विम्यात सहसा जागा नाही. त्याने घरकामाच्या मदतीसाठी नगरपालिकेकडे जायचं आणि शुश्रूषेसाठी आरोग्य विमा कंपनीकडे.