ब्रेक द्रवाची गळती (सुटे भाग बदलल्यानंतरची)

मोटारीच्या द्रवीय ब्रेक यंत्रणेतील द्रव सांधा, सील किंवा नळी यांतून बाहेर पडणे म्हणजे ब्रेक द्रवाची गळती. पॅड, कॅलिपर, व्हील सिलिंडर, होज किंवा मास्टर सिलिंडर बदलल्यावर ती दिसली, तर तिचा उगम बहुधा कामात उघडलेल्या सांध्याशी किंवा कामात सरकलेल्या रबरी सीलाशी असतो. म्हणून शोधही तिथूनच सुरू करतात.

रचना : पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवावर दाब आणतो. पास्कलच्या नियमानुसार हा दाब बंदिस्त द्रवातून सर्वत्र सारखा पोचतो व चाकापाशी डिस्क ब्रेकमध्ये पॅड, तर ड्रम ब्रेकमध्ये शू दाबले जातात. चारही चाकांना द्रवीय ब्रेक असलेली पहिली उत्पादित मोटार अमेरिकेतील ड्यूसनबर्ग मॉडेल ए (१९२१) ही होय. भारतातील बहुतेक छोट्या मोटारींना पुढे डिस्क व मागे ड्रम असतात. जोरात ब्रेक मारल्यावर नळ्यांतील दाब वातावरणदाबाच्या शंभरपटीच्या घरात जाऊ शकतो. त्यामुळे उभ्या गाडीत कोरडा दिसणारा सांधाही पेडल दाबताच पाझरू लागतो.

द्रव : डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ हे द्रव ग्लायकॉल वर्गातील असून त्यांचे किमान उत्कलनबिंदू अनुक्रमे २०५°, २३०° व २६०° से. असतात. हवेतील ओल शोषल्यावरची किमान मर्यादा अनुक्रमे १४०°, १५५° व १८०° से. आहे. डॉट ५ हा सिलिकोनचा द्रव असून तो या द्रवांत मिसळत नाही. ब्रेकमधील रबराला इंजिन ऑइल, डिझेल किंवा साधे ग्रीस लागले, तर ते फुगते व थोड्याच दिवसांत सील निकामी होते. ग्लायकॉल द्रव गाडीचा रंगही उडवतो. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा.

ओळख : द्रवाच्या टाकीतील पातळी उतरली म्हणजे गळती आहेच, असे नाही. पॅड झिजतात तसे दट्ट्ये बाहेर येतात आणि पातळी हळूहळू उतरते. नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलला, की तोच द्रव टाकीत परततो. मधल्या काळात कोणी टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर तो उतू जाऊन खाली ओघळतो. ही गळती नव्हे. चाकामागची ओल कशाची आहे, हे पाण्याने कळते : ग्लायकॉल द्रव पाण्यात विरघळतो, तर ॲक्सलचे ऑइल तवंग धरते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

गळतीची ठिकाणे : (१) बँजो बोल्ट – होज कॅलिपरला जोडणारा हा बोल्ट पोकळ असतो. होजच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वॉशर लागतो. हा वॉशर दाबला जाऊनच सील होतो. जुना पुन्हा वापरला, एक राहून गेला किंवा जुना कॅलिपरला चिकटलेला असताना त्यावर नवा बसवला, तर सांधा पाझरतो. अशा वेळी बोल्ट आणखी आवळल्याने गळती थांबत नाही. मात्र ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमधले आटे जातात.

(२) हवा काढण्याचे निपल – याच्या शंक्वाकार टोकाखाली कचरा अडकला, की थेंब येत राहतात. निपल सैल करून थोडा द्रव वाहू द्यावा व पुन्हा बसवावे. वरची रबरी टोपी केवळ धूळ अडवते, गळती नाही.

(३) नळीचा नट – धातूच्या नळीचे तोंड दुहेरी दुमडलेले किंवा बुडबुड्यासारखे फुगवलेले असते. एका प्रकारची नळी दुसऱ्या प्रकारच्या बैठकीत सील होत नाही. १० मिमी व ३/८ इंची नट दिसायला सारखे असले, तरी त्यांचे आटे वेगळे असतात. नट आधी बोटांनी काही फेरे सहज फिरला पाहिजे.

(४) कॅलिपरचा दट्ट्या – धूळरबर फाटलेले असेल, तर दट्ट्याच्या बाहेर आलेल्या भागावर गंज चढतो. नव्या पॅडसाठी तो मागे ढकलताना गंजलेला पृष्ठभाग सीलाला ओरखडतो.

(५) व्हील सिलिंडर – नवे, जाड शू बसवल्यावर रबरी कप सिलिंडरच्या आतल्या, खड्डे पडलेल्या भागात जातात व गळू लागतात. धूळरबराची कड उचलून आत ओल आहे का पाहावे.

(६) मास्टर सिलिंडर – हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबल्यास जुन्या सिलिंडरचे कप एरवी न वापरलेल्या खडबडीत भागावरून घासतात. मागचे सील गेल्यास द्रव पेडलाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये उतरतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. पेडल हळूहळू रुतते, पण पातळी कायम राहते, तर दाब कपांवरून आतल्या आत निसटत असण्याचा संभव असतो.

तपासणी : चारही चाके व सर्व सांधे ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून सुकवतात. एकाने पेडल घट्ट दाबून धरायचे व दुसऱ्याने प्रत्येक सांध्याभोवती कोरडा पांढरा कागद फिरवायचा. द्रव खाली ओघळतो, म्हणून ओलीचा सर्वांत वरचा बिंदू शोधावा. बोल्ट व नट टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेतील मापानेच आवळावेत. गळती थांबल्यावर हवा पुन्हा काढावी लागते. द्रवाने भिजलेले पॅड व शू धुऊन वापरू नयेत, बदलावेत. ते एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना बदलतात.

आधुनिक मोटारींत ब्रेकचे दोन स्वतंत्र परिपथ असतात. एक निकामी झाला तरी दुसरा चालतो, पण पेडल खोल जाते व गाडी थांबायला लागणारे अंतर बरेच वाढते. पेडल रुतत असेल किंवा पातळी उतरतच असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. टो करून न्यावी.