उसाच्या फडातली पहिली खेप
प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950 च्या अखेरीस सुरू झाले. जवळचा ऊस बैलगाडीतून येई. लांबच्या फडांसाठी ट्रक आले आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात क्लीनरकी हीच चालकाची शाळा ठरली. दोर आवळणे, टायर बदलणे आधी, स्टिअरिंग शेवटी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने ट्रक चालवायला वयाची 20 वर्षे आणि हलक्या वाहनाच्या परवान्याचे किमान एक वर्ष मागितले. एकट्याने आणायच्या पहिल्या खेपेची परीक्षा मात्र परवान्यात मावत नाही. भरलेली गाडी मऊ जमिनीत न रुतता बांधापार काढावी लागते. मोळ्या एकाच बाजूला चढल्या तर वळणावर ट्रक कलतो, म्हणून शहाणा नवखा भरणी चालू असतानाच तोडणी टोळीच्या मुकादमाशी बोलून घेतो. कारखान्यावर आधी भरल्या गाडीचे वजन, ऊस उतरल्यावर रिकामीचे. फरकावर शेतकऱ्याचे बिल निघते.