मोझॅक रोग व पंचनाम्याचे दप्तर

साबुदाण्याचे मूळ जो कसावा, त्याच्या मोझॅक रोगाचे पहिले वर्णन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ वारबुर्ग याने १८९४ साली पूर्व आफ्रिकेतून केले. हा विषाणू पांढरी माशी पसरविते. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकची वाहकही तीच होय. त्या रोगाने २०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यात पिकाची मोठी हानी केली.

पंचनाम्यावरून नुकसान कळते. परंतु पिवळेपणा प्रथम कोणत्या शिवारात व कोणत्या दिवशी दिसला, हे नोंदल्यावाचून रोगाची वाट उमगत नाही. ब्रह्मपुरी धानाचा मुलूख. धानाचा टुंग्रो रोग तुडतुडे पसरवितात. तेथेही हाच न्याय लागू पडतो. दुष्काळांचा इतिहास आपण जुन्या दप्तरांवरूनच जुळविला; तेव्हा गावोगावचे हे कागद रद्दीत जाऊ न देणे, हे इतिहाससंशोधकांचेही कर्तव्य होय.