केळकर, दिनकर गंगाधर

(१० जानेवारी १८९६ – १७ एप्रिल १९९०). मराठी कवी, संग्राहक आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक. कविता ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिल्या. पुणेकरांना ते काकासाहेब केळकर म्हणून माहीत. व्यवसाय चष्म्यांचा. दिवसभर लोकांची नजर तपासायची आणि उरलेल्या वेळात, लोकांच्या नजरेतून उतरलेल्या वस्तू गोळा करायच्या, असे त्यांनी सुमारे सत्तर वर्षे केले.

संग्रहाची सुरुवात १९२०च्या आसपासची. तेव्हा केळकर पंचविशीत होते आणि ओढा कवितेकडे होता. मराठीत तो काळ रविकिरण मंडळ या कवींच्या गटाचा. अज्ञातवासींचे नाव त्या वेळच्या वाचकांच्या परिचयाचे होते. आज ते वाङ्मयेतिहासाच्या यादीत सापडते, ओठांवर नाही. पण त्यांच्या संग्रहाकडे पाहताना हा माणूस मुळात कवी होता, हे विसरून चालत नाही. पुराणवस्तू जमवणारे सहसा नाण्यांपासून, शस्त्रांपासून किंवा मूर्तींपासून सुरुवात करतात. केळकरांचा जीव अडकला तो दिव्यात, अडकित्त्यात, कुंकवाच्या करंड्यात.

त्या काळी या वस्तूंना किंमत नव्हती, म्हणजे होती ती वजनाची. वाडे विकले जात होते, वाटण्या होत होत्या, माळे रिकामे होत होते. पितळी समई, तांब्याचा बंब, पानाचा डबा हे सगळे मोडीत जायचे. तराजूत पडले की त्यावरचा मोर काय आणि हत्ती काय, सगळे शेरावर. पुढे स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि कल्हईची कटकट गेली म्हणून बायकांनी मोठ्या आनंदाने आजेसासूची भांडी मोडवाल्याच्या हवाली केली. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चिंचेने पितळ घासणे हे काम ज्याने केले नाही, त्याने त्याबद्दल हळहळू नये. केळकर मोडवाल्याच्या आधी पोचण्याची धडपड करत राहिले, एवढेच.

त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा या कामात मोठा वाटा आहे. पदरचा पैसा वस्तूंवर घालणाऱ्या माणसाचा संसार कोणी तरी चालवावा लागतो. शिवाय परक्या घरात जाऊन तिथल्या गृहिणीला तुमची फणेरपेटी दाखवता का, असे विचारणे एकट्या पुरुषाला त्या काळी जमणारेही नव्हते. संग्रहात स्वयंपाकघर आणि शृंगार यांच्या वस्तू एवढ्या संख्येने आहेत, त्यामागे ही जोडी असावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या दांपत्याचा मुलगा राजा लहानपणीच, वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास वारला. संग्रहालयाला नाव आहे ते त्याचे. नाव वाचून अनेकांचा समज होतो की दिनकर केळकर नावाचे कोणी संस्थानिक असावेत.

पूर्वजांचा एक-दोन कपाटांचा हौशी संग्रह वाढत वाढत १९६०पर्यंत पंधरा हजार वस्तूंच्या घरात गेला, असे झाले नाही, कारण पूर्वजांचा संग्रहच नव्हता. सगळे एका पिढीत उभे राहिले. आज वस्तूंची संख्या वीस हजारांवर आहे आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातू बागेत, हे संग्रहालय आहे. केळकरांनी संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला, विकला नाही. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. दिली, भारत सरकारने पद्मश्री. वस्तुसंग्रहालयशास्त्राचे रीतसर शिक्षण आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२मध्ये सुरू झाले. तोवर केळकरांचा तीस वर्षांचा सराव होऊन गेला होता.

संग्रहातले अडकित्तेच पाहावेत. अडकित्ता म्हणजे दोन पात्यांचे साधे यंत्र : एका टोकाला बिजागरी, वरचे पाते धारेचे, खालच्यावर सुपारी टेकते, आणि मुठी दाबल्या की ती कातरली जाते. याहून अधिक काही लागत नाही. पण कारागिराने त्या दोन पात्यांचा घोडा केला आहे, पोपट केला आहे, एकमेकांना बिलगलेले स्त्री-पुरुष केले आहेत. अडकित्ता उघडला की जोडपे दुरावते, मिटला की जवळ येते. मधे सापडते ती सुपारी. हा विनोद ज्याने घडवला त्याचे नाव कुठेच नाही. शेजारी वज्र्या. टाचा घासायची ही वस्तू, न्हाणीघराबाहेर कोणाला दिसायचीही नाही. तळ खरबरीत हवा आणि वर धरायला मूठ, काम भागले. तरी मुठीच्या जागी मोर, हत्ती बसलेले आहेत. देवघरात कलाकुसर असते ती देव पाहतो म्हणून. न्हाणीघरात ती कोणासाठी? केळकरांच्या संग्रहाचा सगळा भर या प्रश्नावर आहे, आणि त्यांनी तो शब्दांत न मांडता कपाटात मांडला.

दिव्यांवर त्यांचा विशेष लोभ. समया, लामणदिवे, निरांजने, आरत्या, हातात दिवा घेऊन उभ्या दीपलक्ष्मी. या विषयावर त्यांचे ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१मध्ये काढले. संग्रह महाराष्ट्रापुरता नाही. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ इथल्याही वस्तू त्यात आहेत. वाड्यांचे कोरीव दरवाजे, वाद्ये, दौती, गंजिफा, चित्रकथींची चित्रे, चामड्याच्या बाहुल्या, शेवेचे सोरे, मापे, हुक्के ही यादी लांबवता येईल, पण ती वाचण्यापेक्षा पाहणे बरे.

यात मस्तानी महाल वेगळा पडतो. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वास्तूचे अवशेष आणून संग्रहालयात हे दालन उभे केले आहे. पर्यटक त्यासाठीच येतात, फोटो काढतात आणि निघतात. पेशवा आणि मस्तानी म्हटल्यावर अडकित्त्यांचा टिकाव लागणे अवघडच. लाकूडकाम देखणे आहे, हे खरे. तरी संग्राहकाचा पिंड समजून घ्यायचा असेल तर महालातून लवकर बाहेर पडून स्वयंपाकघराच्या भांड्यांपाशी थांबावे.

एक उणीव नोंदवायला हवी. कपाटांतल्या चिठ्ठ्या बहुधा वस्तूचे नाव, धातू, प्रांत आणि शतक एवढ्यावर थांबतात. कोणत्या गावच्या कोणत्या आळीत ही घडली, कोणत्या घरातून आली, तिथे तिचे नाव काय होते, हे पाहणाऱ्याला क्वचित कळते. मोडीच्या ढिगातून वाचवलेल्या वस्तूला वंशावळ मिळणे कठीण असते, हेही तितकेच खरे.

केळकरांच्या तोडीची माणसे शोधायला रशियाकडे पाहावे लागते. मॉस्कोचा व्यापारी पावेल त्रेत्याकोव्ह याने रशियन चित्रे विकत घेऊन स्वतःच्या घरात मांडली आणि १८९२मध्ये सगळा संग्रह शहराला देऊन टाकला. आजची प्रसिद्ध त्रेत्याकोव्ह गॅलरी ती हीच. पण केळकरांशी अधिक जुळतो तो प्योत्र श्चुकिन. हाही मॉस्कोचा व्यापारी. भाऊ सेर्गेई पॅरिसहून मातिस आणि पिकासो आणत असे, तर प्योत्र जुन्या रशियन घरांतली भांडी, कापड, दागिने, कागदपत्रे जमवत होता. १९०५मध्ये त्याने ते सारे मॉस्कोच्या ऐतिहासिक संग्रहालयाला दिले. जगभर नाव झाले ते भावाचे. मात्र हे दोघे गडगंज होते. चष्म्याच्या दुकानावर वीस हजार वस्तूंचा भार पेलणे हा निराळा हिशेब आहे.

ही नोंद जबलपुरात लिहिली जात आहे, म्हणून एक तुलना सुचते. इथल्या राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरींच्या काळच्या मूर्ती आणि शिलालेख आहेत. त्यांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे शहराजवळचे आजचे तेवर. भेडाघाटचे चौसष्ट योगिनींचे देऊळही त्याच राजवटीतले. दगड टिकतो, म्हणून देव आणि राजे टिकले. त्या त्रिपुरीतल्या घरी संध्याकाळी दिवा कुठल्या खुंटीला टांगत, धान्य कशाने मोजत, हे त्या मूर्तींना विचारून कळत नाही. पुण्याच्या बाबतीत मात्र शेवटच्या दोन-तीनशे वर्षांपुरते तरी ते सांगता येते, कारण एका माणसाने वेळेवर ते विचारले. सदर बाजारात आणि दीक्षितपुऱ्यात जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर अजून काय पडून आहे, हे तिथल्या मोडवाल्यालाच ठाऊक.

केळकरांचे निधन वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी झाले. पुण्याजवळ बावधन येथे मोठ्या जागेत संग्रहालय-नगरी उभारून न मांडलेल्या हजारो वस्तू बाहेर काढण्याचा बेत त्यानंतर आखण्यात आला. नातू बागेतली दालने मात्र अजून अरुंद आहेत. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला दिव्यांच्या कपाटाला चिकटून उभे राहावे लागते, आणि मग तो दिवे बघू लागतो.